खानदेश भिल्ल पथक

खानदेश भिल्ल पथक : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने १८२५ मध्ये खानदेशातील भिल्लांमधून उभारलेले स्थानिक लष्करी दल. यास ‘भिल्ल पलटण’ असेही म्हणत. त्याचे मुख्य ठाणे धरणगाव (जळगाव जिल्हा) येथे होते आणि त्याची उभारणी लेफ्टनंट जेम्स आउट्रम (१८०३–६३) या अधिकाऱ्याने केली. ज्या जमातीचे बंड मोडावयाचे तिच्यातूनच शिपाई घेऊन त्यांच्याकरवी मुलखाचा बंदोबस्त करणे, हे या पथकाचे प्रयोजन होते. जित लोकांतून साहाय्यक सेना उभारण्याची पद्धत जगाच्या इतिहासात प्राचीन आहे. गॉल लोकांतून भरती केलेली रोमन साम्राज्याची घोडदळे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. खानदेशातील प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की येथील शिपाई आपल्याच डोंगरात, आपल्याच भाऊबंदांसमोर उभा करण्यात आला. त्यामुळे या पथकाच्या इतिहासास दोन बाजू आहेत. एका बाजूस मुलखास लाभलेली शांतता आहे, तर दुसऱ्या बाजूस त्या शांततेची एका जमातीस द्यावी लागलेली किंमत आहे.

पार्श्वभूमी : तापी खोऱ्याचा सुपीक सखल प्रदेश, उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्री व डांगचे अरण्य, अशी खानदेशाची ठेवण आहे. सखल भागातील गावे कुणबी, गुजर इ. शेतकऱ्यांची, तर डोंगरपट्टा भिल्लांचा. भिल्लांतही सपाटीवरील भिल्ल, सातपुड्यातील पावरा व बारेला, पश्चिमेकडील मावची व वसावे, यावल-चोपडा भागातील मुसलमान धर्म स्वीकारलेले तडवी आणि सातमाळ्यालगतचे निरधी असे अनेक पोटभेद होते. मराठी अंमलात भिल्लांचा संबंध केवळ लुटारूपणाशी नव्हता. अनेक गावी ते जागल्याचे काम करीत व त्याबद्दल गावाकडून धान्याच्या रूपाने हक्क घेत. घाटरस्त्यांची राखण नाईकांकडे असे आणि वाटसरू व व्यापारी यांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांना नेमणूक मिळे. थोडक्यात, डोंगर व सपाटी यांच्यामध्ये परस्परांच्या हक्कांवर आधारलेली एक व्यवस्था होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही व्यवस्था कोसळली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या. त्यांनी केलेली नासधूस आणि पाठोपाठ १८०३ मध्ये पडलेला भीषण दुष्काळ यांमुळे गावेच्या गावे ओस पडली. गावच उरले नाही तेथे जागल्याचा हक्क कोण देणार? उपजीविकेचे साधन तुटलेले भिल्ल डोंगरात शिरले व टोळ्यांनी सपाटीवर उतरू लागले. पेशवाईच्या अखेरच्या काळातील अधिकाऱ्यांनी यावर योजलेला उपाय अत्यंत क्रूर होता. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासघाताने घेरून ठार मारविले व त्यांची प्रेते विहिरींत टाकविली. चाळीसगाव व धरणगाव येथेही अशाच कत्तली झाल्याच्या नोंदी आहेत. सलोख्याच्या बोलण्यासाठी बोलवावे आणि ठार करावे, हा अनुभव भिल्लांच्या स्मरणात खोल रुतला. पुढे इंग्रजांनी भरतीसाठी हाक दिली, तेव्हा तिच्याकडे भिल्लांनी सापळा म्हणून का पाहिले, याचा उलगडा या घटनांवरून होतो. पथकाचे ठाणे ज्या धरणगावी व्हावयाचे होते, त्या गावाचे नावच या स्मृतीशी निगडित होते.

इंग्रजी अंमल व पहिले उपाय : जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख कंपनीस दिला. फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉपने थाळनेरचा किल्ला घेऊन तेथील किल्लेदारास फाशी दिले. जूनमध्ये मालेगावचा किल्ला लढविणाऱ्या अरबांनी शरणागती पतकरली. नव्या मुलखाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला व त्याने धुळे हे मुख्य ठिकाण केले. त्या वेळी सुमारे ५० प्रबळ नाईक आणि त्यांचे ५,००० वर अनुयायी खानदेशात वावरत होते, असे कॅप्टन ग्रेअम याने १८४३ मध्ये लिहिलेल्या भिल्लविषयक वृत्तांतात म्हटले आहे.

ब्रिग्जने एका हाताने दंड व दुसऱ्या हाताने नेमणुका देण्याचे धोरण अवलंबिले. घाटांची राखण करण्याचे मान्य करणाऱ्या नाईकांना तनखे बांधून दिले. न मानणाऱ्यांवर फौजा पाठविल्या. सातमाळ्यातील चिल नाईक याला १८१९ मध्ये पकडून फाशी देण्यात आले. तथापि एक नाईक मारला की दुसरा उभा राही. कंपनीच्या नियमित पायदळास डोंगरातील पाऊलवाटा अपरिचित होत्या. पावसाळ्यात व त्यानंतर येणाऱ्या हिवतापाने शिपायांची दाणादाण उडे आणि ठाणी उठवावी लागत. कैदेत घातलेल्यांची संख्या वाढली. पण रस्ते निर्धोक झाले नाहीत. १८२५ च्या आरंभी सेवराम नावाच्या एका सोनाराने सातारच्या छत्रपतींच्या नावे बनावट कागद तयार करून बागलाणात भिल्लांना उठविले. मुल्हेरच्या डोंगराळ भागात जमलेल्या या जमावावर मालेगावहून गेलेल्या तुकडीने अचानक छापा घातला. त्या तुकडीत २३ व्या हिंदी पायदळ पलटणीतील आउट्रम हा २२ वर्षांचा अधिकारी अग्रभागी होता.

एल्फिन्स्टनची योजना : सात वर्षांच्या मोहिमांनंतर केवळ बळाने हा प्रश्न सुटत नाही, असे मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) याचे मत झाले. १८२५ मध्ये त्याने मंजूर केलेल्या योजनेची दोन अंगे होती. पहिले अंग मुलकी होते. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वायव्येकडील एजन्सीत नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर व डांग हा भाग, ईशान्येकडील एजन्सीत चोपडा, यावल इ. सातपुड्याच्या पायथ्याचा भाग, तर दक्षिणेकडील एजन्सीत जामनेर, भडगाव, चाळीसगाव व सातमाळ्यालगतचा प्रदेश येई. दक्षिणेकडील एजंटाचे ठाणे कन्नड येथे असून तेथे कॅप्टन ओव्हन्स याची नेमणूक झाली. एजंटांनी भिल्लांशी प्रत्यक्ष संपर्क ठेवावा, नाईकांचे थकलेले हक्क मिळवून द्यावेत, लहानसहान गुन्ह्यांचा निवाडा करावा आणि स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना पडीक जमीन व बैलबियाण्यासाठी तगाई द्यावी, अशी अपेक्षा होती. मागील अपराधांबद्दल माफीही देण्यात येई. ओव्हन्स व त्याच्यानंतर ग्रेअम यांनी कन्नड भागात भिल्लांच्या वसाहती वसविण्याचे काम चिकाटीने केले.

योजनेचे दुसरे अंग लष्करी होते, ते म्हणजे भिल्लांचे पथक. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. सध्याच्या झारखंडमधील राजमहाल टेकड्यांत ऑगस्टस क्लीव्हलँड याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पहाडिया लोकांची अशीच तुकडी उभारली होती, आणि राजपुतान्यात १८२२ मध्ये मेरवाडा पलटण निघाली होती. घाटाची राखण घाटातल्याच नाईकाकडे सोपविण्याची मराठी पद्धत तर त्याहून जुनी होती. एल्फिन्स्टनच्या योजनेत फरक एवढाच, की नाईक हा आपल्या माणसांचा स्वतंत्र पुढारी न राहता, भिल्ल हा सरकारी पगारी व कवायती शिपाई व्हावयाचा होता. अधिकाराचे केंद्र डोंगरातून छावणीत हलणार होते. भिल्ल कवायत शिकणार नाहीत, शस्त्रे मिळताच ती घेऊन पळून जातील, असे अनेक अनुभवी अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. यापूर्वी भरतीचे झालेले प्रयत्नही फसले होते.

पथकाची उभारणी : आउट्रमने आरंभ केला तो छाप्याने. टोळ्यांचे आश्रयस्थान शोधून त्याने त्या उधळल्या व काही माणसे पकडली. या कैद्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या मार्फत त्याने नाईकांशी बोलणे सुरू केले. पुढे तो एकटाच, पहारा न घेता, त्यांच्या रानात राहू लागला. त्यांच्याबरोबर तो मद्यपान करी, शिकारीस जाई, वाघाच्या मागावर पायी निघे. या सहवासानंतर प्रथम अवघे पाच भिल्ल त्याच्याबरोबर यावयास तयार झाले, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. शिकारीतील धाडस हा भिल्लांच्या दृष्टीने माणूस पारखण्याचा एक निकष होता, आणि त्या निकषास हा अधिकारी उतरला. तथापि केवळ त्याच्या व्यक्तिमत्त्वाने पथक उभे राहिले, असे मानणे एकांगी ठरेल. वीस वर्षांचा दुष्काळ, कत्तली व पाठलाग सोसलेल्या लोकांना नियमित पगार, माफी आणि कुटुंबाला निर्धोकपणे एका ठिकाणी राहता येणे, या गोष्टींचे मोल फार होते.

१८२५ च्या पावसाळ्यात भरती हळूहळू वाढली. जुलैच्या आरंभी रिक्रूटांची संख्या २५ च्या घरात होती; सप्टेंबरच्या आरंभी ती ९२ झाली. कवायतीसाठी या तुकडीस मालेगावच्या छावणीत नेण्यात आले. तेथे आउट्रमची स्वतःची २३ वी पलटण होती व तिच्यातील अनेक शिपाई उच्चवर्णीय होते. त्यांनी या नवागतांना हीन लेखले असते, तर प्रयोग तेथेच मोडला असता. परंतु ते भिल्लांच्या बिऱ्हाडी गेले, त्यांच्याजवळ बसले व त्यांना पानसुपारी दिली. ज्यांना गावकुसाबाहेरही संशयाने पाहिले जाई, त्यांना बरोबरीच्या शिपायाच्या हातून पानसुपारी मिळणे ही सामाजिक दृष्ट्या असाधारण गोष्ट होती. पथकाच्या इतिहासातील या लहानशा प्रसंगाचा उल्लेख इंग्रजी वृत्तांतांत आवर्जून येतो. भिल्ल शिपायाने स्वीकारलेल्या नोकरीत पगाराइतकाच प्रतिष्ठेचाही भाग होता, हे त्यावरून कळते.

दोन वर्षांत पथकाची संख्या ६०० च्या आसपास गेली. धरणगाव हे त्याचे मुख्य ठाणे झाले. शिपायांची कुटुंबे छावणीलगत राहू लागली. धनुष्यबाणाच्या जागी बंदूक आली. परंतु मागमूस काढणे, रात्रीचा प्रवास, डोंगरचढ व रानातील पाण्याच्या जागांची माहिती ही भिल्लांची मूळची कौशल्येच पथकाचे खरे बळ ठरली. नियमित पायदळाने सोडलेली चौक्यांची कामे क्रमाक्रमाने या पथकाकडे आली.

कामगिरी : १८२७ मध्ये पथकास आपल्याच जमातीच्या टोळ्यांवर पाठविण्यात आले. त्या प्रसंगी शिपाई फितूर होतील ही भीती खोटी ठरली. १८२८ मध्ये, वीस वर्षांत प्रथमच खानदेशास सलग सहा महिने स्वस्थता लाभल्याचा अहवाल कलेक्टरने दिला. बाजार भरू लागले, ओसाड गावांत शेतकरी परतले आणि मुंबई-आग्रा मार्गावरील वाहतूक वाढली. १८३० मध्ये आउट्रमने पथकासह डांगच्या नायकांवर मोहीम काढली. त्यापूर्वी बाहेरच्या फौजांना जवळजवळ अगम्य असलेला तो मुलूख थोड्या अवधीत कंपनीच्या वर्चस्वाखाली आला. पुढील वर्षी यावल-सावदा भागात वाढलेल्या दरोड्यांचा तपास त्याच्याकडे आला. त्यात ४६९ संशयितांना पकडण्यात आले. पैकी १५८ जणांवर गुन्हा शाबीत झाला. म्हणजे अटक झालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांवर गुन्हा सिद्ध झाला नाही. भिल्ल असणे हेच संशयास पुरेसे कारण मानले जाई, याचे हे आकडे निदर्शक आहेत. १८३३ मध्ये बडवानी संस्थानातील उठाव मोडण्यासाठीही पथकाचा उपयोग झाला. १८३५ मध्ये आउट्रमची गुजरातेतील महीकांठा प्रदेशात नेमणूक झाली व त्याने खानदेश सोडले.

या प्रयोगाच्या यशामुळे इतरत्रही अशी पथके निघाली. १८४० च्या सुमारास माळव्यात माळवा भिल्ल पथक व मेवाडात मेवाड भिल्ल पथक उभारण्यात आले. यांपैकी खेरवाडा येथील मेवाड पथकाची परंपरा राजस्थानच्या पोलीस दलात टिकून राहिली.

काळाच्या ओघात पथकाच्या कामाचे स्वरूपही बदलले. १८५२ मध्ये जमीनमोजणी व नवी आकारणी यांविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी मोठी चळवळ केली. ती मोडण्यासाठी नियमित फौजेबरोबर भिल्ल पथकाची तुकडीही वापरण्यात आली. भिल्लांच्या छाप्यांपासून शेतकऱ्यांचे रक्षण करण्यासाठी जे पथक निर्माण झाले, तेच आता शेतकऱ्यांवर चालून गेले. पथक खानदेशाचे असले, तरी ते खानदेशासाठी नसून सरकारसाठी होते, ही गोष्ट या प्रसंगी प्रथमच सपाटीवरील लोकांच्या प्रत्ययास आली.

१८५७–५८ चा उठाव : पथकाच्या निष्ठेची खरी कसोटी १८५७ मध्ये लागली. खाज्या नाईक हा सातपुड्यातील सेंधवा घाटाच्या राखणीवर अनेक वर्षे सरकारी नोकरीत होता. त्याचा बाप गुमानसिंग हाही त्याच कामावर होता. एका संशयित दरोडेखोराचा मारहाणीत मृत्यू झाल्यामुळे १८५१ मध्ये खाज्याला दहा वर्षांची सजा झाली. १८५५ मध्ये तो सुटला व १८५७ च्या धामधुमीत त्याला पुन्हा घाटाच्या राखणीवर घेण्यात आले. परंतु थोड्याच काळात तो भीमा नाईक व इतर नाईकांसह उठावात सामील झाला. नोव्हेंबर १८५७ मध्ये या नाईकांनी सेंधवा घाटात इंदूरहून मुंबईकडे जाणारा सुमारे सात लाख रुपयांचा खजिना लुटला. तारायंत्राच्या ताराही तोडण्यात आल्या. दक्षिणेकडे, अहमदनगरच्या पोलीस दलात पूर्वी अधिकारी असलेल्या भागोजी नाईकाने नांदूर शिंगोटे येथे ऑक्टोबर १८५७ मध्ये पोलीस अधीक्षक हेन्री याला ठार केले.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या फौजेशी खाज्या व भीमा यांच्या अनुयायांची मोठी लढाई झाली. भिल्ल पथकाचा अधिकारी कॅप्टन बर्च तीत जखमी झाला. उठावकऱ्यांपैकी अनेक जण लढताना पडले. पकडलेल्या पुरुषांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या आणि स्त्रियांना मोठ्या संख्येने कैद करण्यात आले. भागोजी नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागर येथे फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना मारला गेला. खाज्याचा १८६० मध्ये विश्वासघाताने खून झाला. भीमा १८६७ मध्ये पकडला गेला. त्यास अंदमानात धाडण्यात आले व तेथेच १८७६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

या सर्व काळात भिल्ल पथक एक दल म्हणून सरकारशी एकनिष्ठ राहिले. पण खाज्या व भागोजी हेही सरकारी नोकरीतूनच घडले होते. बंदूक, पगार, रस्त्यांची माहिती आणि अधिकाऱ्यांच्या हालचालींचे ज्ञान ही सर्व त्यांना त्याच व्यवस्थेने दिली होती. म्हणून ‘राजनिष्ठ भिल्ल’ व ‘बंडखोर भिल्ल’ अशा दोन जाती त्या काळच्या कागदपत्रांत दिसतात, तशा त्या प्रत्यक्षात नव्हत्या. ती एकाच घाटातील, पुष्कळदा एकाच कुळीची माणसे होती. त्यांच्यातील भेद स्वभावाचा नसून परिस्थितीचा होता.

पुढील इतिहास : १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपून ब्रिटिश राजसत्तेचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. उठावानंतर डोंगरात मोठी लष्करी मोहीम काढण्याचे प्रसंग कमी झाले. खजिना व तुरुंग यांवरील पहारा, कैद्यांची ने-आण व दरोडेखोरांचा पाठलाग अशा स्वरूपाच्या कामांना महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात पथकाचे स्वतंत्र लष्करी स्वरूप संपुष्टात आले व ते जिल्ह्याच्या पोलीस दलात विलीन झाले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

पथक ज्या योजनेचा भाग होते, तिचे मुलकी अंग मात्र दुर्बळ ठरत गेले. भिल्लांना दिलेल्या जमिनी कर्जापायी सावकारांकडे जाऊ लागल्या. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतील लाकूड, चराई व फिरती शेती यांवर निर्बंध आले. जमीन व जंगल हे दोन्ही आधार निसटत असता पथकातील नोकरी काहीशे कुटुंबांनाच पुरी पडणार होती. शिपाई होणारा भिल्ल सुस्थित झाला, पण जमात सुस्थित झाली नाही.

रोमन साहाय्यक सेनेशी तुलना : जूलिअस सीझरने इ. स. पू. ५८ ते ५० या काळात गॉल (स्थूलमानाने आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) जिंकल्यानंतर तेथील घोडेस्वारांच्या तुकड्या रोमन सैन्यास जोडल्या गेल्या. यांपैकी ‘आला गॅलोरम इंडियाना’ या घोडदळाचा इतिहास येथे विशेष उद्‌बोधक आहे. या नावाचा हिंदुस्थानाशी संबंध नाही. ट्रेव्हेरी जमातीतील जूलिअस इंडस या सरदारावरून ते पडले. इ. स. २१ मध्ये त्याच जमातीतील जूलिअस फ्लोरस याने रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा इंडसने आपल्या स्वारांसह ते मोडले. पुढे हे दल ब्रिटनमध्ये होते. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे त्यातील डॅनिकस नावाच्या स्वाराची समाधिशिला सापडली असून तीवर त्याची जमात व सोळा वर्षांची सेवा कोरलेली आहे. ज्या ट्रेव्हेरी जमातीने इंडस दिला, तिनेच जूलिअस क्लासिकसही दिला. हा रोमच्या घोडदळाचा अधिकारी असून इ. स. ७० मध्ये तो ऱ्हाईन नदीकाठच्या मोठ्या उठावात सामील झाला. धरणगावचे शिपाई व सेंधव्याचा खाज्या यांचे चित्र अठरा शतके आधी येथे उमटलेले दिसते.

साम्य आहे तसाच भेदही आहे. इ. स. ७० च्या उठावानंतर साहाय्यक दले त्यांच्या जन्मभूमीपासून दूर ठेवण्याकडे रोमचा कल वाढला. खानदेशातील पथक मात्र नेहमी खानदेशात वा त्याच्या सीमेलगतच राहिले, कारण त्याचा उपयोगच स्थानिक ज्ञानावर आधारलेला होता. दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. पहिल्या शतकाच्या मध्यापासून २५ वर्षे सेवा केलेल्या रोमन साहाय्यक सैनिकास नागरिकत्व मिळण्याची प्रथा रूढ झाली व तसे ब्राँझचे लेख त्यास देण्यात येत. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. गॉल सैनिकाचा नातू रोमन म्हणून जगू शकला. भिल्ल शिपायास निवृत्तिवेतन मिळाले, बढती मिळाली. पण ज्या सत्तेसाठी तो लढला, तिच्यात बरोबरीचे स्थान मिळण्याचा मार्ग त्याच्यासाठी नव्हता. ते स्थान त्याच्या वंशजांस मिळाले ते स्वतंत्र भारताच्या संविधानाने, १९५० मध्ये.

मूल्यमापन : ब्रिटिश इतिहासकारांनी या पथकाकडे सुधारणेचा विजय म्हणून पाहिले व त्याचे श्रेय बहुतांशी एका व्यक्तीस दिले. आउट्रमचे साहस व भिल्लांबद्दलचा त्याचा जिव्हाळा अस्सल होता, यात शंका नाही. पुढे सिंध, इराण व लखनौ येथील मोहिमांमुळे तो प्रसिद्धीस आला आणि मृत्यूनंतर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे दफन झाले. तेथील त्याच्या स्मारकावर शोकमग्न भिल्लाची आकृती कोरलेली आहे. त्या आकृतीखाली नाव नाही. पथकाविषयीच्या वृत्तांतांतही अधिकारी नावानिशी येतात. शिपाई बहुधा संख्येने येतात. याउलट, पथकाविरुद्ध लढलेल्या खाज्या, भीमा व भागोजी यांची नावे लोकांच्या स्मरणात राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात उठाव करणाऱ्या नाईकांचा इतिहास नव्याने मांडला गेला, हे योग्यच झाले. पण त्यामुळे पथकात गेलेल्या भिल्लास केवळ फितूर ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. कोपरगावच्या विहिरींची आठवण असलेल्या पिढीने छावणीत पाऊल टाकले, ते भाबडेपणाने खचित नाही. उपासमार व पाठलाग एका बाजूस आणि पगार व पानसुपारी दुसऱ्या बाजूस, यांतून त्यांना निवड करावयाची होती. डोंगरात राहिलेल्यांनी वेगळी निवड केली व तिचे फळ अंबापाणीस भोगले. या दोन्ही वाटांवर एकाच समाजाची माणसे होती आणि दोन्हींच्या मुळाशी जगण्याचाच प्रश्न होता. खानदेशास १८२८ नंतर लाभलेली शांतता ही वस्तुस्थिती आहे. तीत भिल्ल शिपायाचा वाटा मोठा आहे, हेही खरे आहे. परंतु मोडलेल्या हक्कांच्या जागी जमीन व मान देण्याचे जे वचन १८२५ च्या योजनेत होते, त्यापैकी बंदुकीचा भाग पुरा झाला आणि नांगराचा भाग अपुरा राहिला. खानदेश भिल्ल पथकाच्या इतिहासाचे मर्म या अपुरेपणात आहे.